चौथ्या प्रकरणातलं वाक्य

पीएचडीचं प्रकरण हातात आलं की मी आधी संदर्भसूची उघडतो. नियतकालिकाचा खंड वर्षाला एक निघत असेल आणि २०१५चा खंड ४० असेल, तर २०१८चा ४३च हवा. आकडा जुळला नाही की डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, टाकून बघायचा. चॅटजीपीटीसारख्या यंत्राने रचलेल्या संदर्भात लेखक खरा असतो, नियतकालिकही खरं असतं, फक्त तो लेख कुणी लिहिलेलाच नसतो.

या विद्यार्थिनीचे ६२च्या ६२ संदर्भ खरे निघाले. चॅटजीपीटी भाषा सुधारण्यापुरतं वापरल्याचं तिने सुरुवातीलाच नोंदवलं होतं. संशोधन-प्रकाशनाच्या नीतिनियमांचं काम बघणारी ‘कोप’ ही संस्था २०२३ पासून हेच सांगत आली आहे: साधनाला लेखक म्हणता येत नाही, वापर जाहीर करा, मजकुराची जबाबदारी तुमची. मी समाधानाने पुढे गेलो.

तक्ता ७ पाशी अडलो. खाली लिहिलं होतं, ‘रात्री उशिरापर्यंत फोन वापरल्यामुळे झोप कमी होते.’ तिची पाहणी एकदाच घेतलेली. झोप येत नाही म्हणून फोन हातात घेतला, असंही असू शकतं. एकदाच विचारलेल्या प्रश्नावलीतून ते कळत नाही. आणि ही मुलगी असल्या बाबतीत भलती काटेकोर.

तिला बोलावून मूळ मसुदा मागितला. त्यात होतं, ‘उशिरापर्यंत फोन वापरणाऱ्यांमध्ये कमी झोपेचं प्रमाण अधिक आढळलं, कारण कोणतं, हे या पाहणीवरून सांगता येत नाही.’ जरा लांबलेलं, पण बरोबर. यंत्राने ते आटोपशीर केलं आणि त्यात तिची सावधगिरी गेली. दोन्ही प्रती शेजारी ठेवून ओळ न् ओळ लावली, तेव्हा असे ११ बदल सापडले. कुठे ‘कदाचित’ गळलं होतं, कुठे ‘काही’चं ‘बहुतांश’ झालं होतं.

आमचे एक सहकारी प्रकरण आलं की ते ओळखयंत्रात, म्हणजे मजकूर किती टक्के यंत्राने लिहिलाय याचा अंदाज सांगणाऱ्या साधनात, टाकतात आणि टक्के बघून निकाल देतात. मला हे मुळीच पटत नाही. ओपनएआयनेच आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून २०२३च्या जुलैत बंद केलं. मुलांवर मात्र त्या टक्क्यांवरून आरोप होतात. या ११ जागा त्या टक्क्यांनी दाखवल्याही नसत्या.

“सर, मी वाचलं होतं,” ती म्हणाली. “पण ते इतकं छान वाटलं, की माझंच वाक्य मला चुकीचं वाटायला लागलं.”

मी तिला काय बोलणार? तक्त्याशी ताडून बघेपर्यंत हेच प्रकरण मी दोनदा वाचलं होतं आणि समासात ‘भाषा उत्तम’ असं लिहिलंही होतं.

तिसऱ्या प्रकरणावर माझी सही होऊन दोन महिने झालेत. तेही तिने असंच सुधारून घेतलं होतं. त्याचा मूळ मसुदा काल रात्री मागवून घेतला आहे.