पोर पाणी पीत नसेल तर आधी कपाचं झाकण हुंगा

एप्रिल लागला की माझ्या पाळणाघरात आयांची एकच तक्रार सुरू होते, "ताई, हा पाणीच पीत नाही हो." जळगावचा उन्हाळा, पारा 45 च्या आसपास, पोराचे ओठ सुकलेले. अशा वेळी मी पोराला रागावत नाही. त्याचा कप उघडते आणि नाकाशी नेते. बहुतेक वेळा उत्तर तिथंच मिळतं. तेच पोर स्टीलच्या पेल्यातून गटागटा पितं.

अमळनेरकडच्या एका आजींनी नातवाचा कप तोंडाजवळ नेला आणि लगेच खाली ठेवला. "माय वं, हाऊ कप वास मारी ऱ्हायना!" कप घरी रोज घासला जात होता. पण झाकणातला सिलिकॉनचा वॉशर कुणी काढलाच नव्हता. मी चमच्याच्या दांड्यानं तो उचलला. खाचेत पिवळट, बुळबुळीत थर होता आणि त्यात शिकरणीतल्या केळ्याचा काळा पडलेला धागा. दूध, मिल्कशेक, ताक, आमरस, सगळं तिथं झिरपतं आणि आंबतं. शिवाय सिलिकॉन आणि प्लास्टिक तेलकट वास धरून ठेवतात, म्हणून नुसत्या साबणानं तो जात नाही.

माझी पद्धत सांगते. कप पूर्ण सुटा करायचा: झाकण, वॉशर, नळी, आतली झडप. दुधाचा कप आधी गार पाण्यानं विसळायचा. थेट कढत पाणी ओतलं तर दुधातली प्रथिनं गोठून आणखी चिकटतात. मग साबण, आणि नळीला बारीक ब्रश. तारेची घासणी किंवा राख प्लास्टिकला लावू नका, ओरखडे पडतात आणि घाण त्यांत बसते.

एवढं करून वास राहिला तर लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून सगळे भाग रात्रभर बुडवून ठेवायचे. आंबलेल्या दुधाचा वास आम्लाचा असतो, सोडा तो मारतो. बोअरच्या जड पाण्यानं कपाला पांढरा थर चढला असेल, तर त्याला सोडा उपयोगाचा नाही. तिथं लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लागतं, पाण्यात मिसळून अर्धा तास. त्या खरखरीत थरातही दूध अडकून बसतं, म्हणून आधी तो काढायचा, कप धुवायचा, मग सोडा.

मोबाईलवर सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढताना दाखवतात. फेस भरपूर येतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं खारट पाणी. आणि कपड्यांचं ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा लिंबात कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

सिलिकॉनचा वॉशर पाच मिनिटं उकळला तरी चालतो. कप उकळायचा असेल तर तळाचा त्रिकोण बघा. त्यात 5 आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, उकळतं पाणी सोसतं. तरी कंपनीनं काय लिहिलंय ते वाचाच. वॉशरवर काळे ठिपके दिसले तर ती बुरशी. तो वॉशर फेकायचा, त्यावर जीव अडकवायचा नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते वाळवण्याकडे. ओला कप झाकण लावून फडताळात ठेवला की सकाळी कोंदट वास ठरलेला. आपल्याकडे गच्चीवर ऊन फुकट आहे. सुटे भाग सुती फडक्यावर पसरून तासभर ठेवा, पण दिवसभर नको, प्लास्टिक ठिसूळ होतं.

पाळणाघरात आता मी दुधाला आणि पाण्याला वेगळे कप आणायला सांगते. पाण्याचा शक्यतो स्टीलचा, साधा, बिननळीचा. आणि तो सकाळी येतो तेव्हा झाकण वेगळं, पिशवीत सुटं आलेलं मला चालतं, उलट बरंच वाटतं.