छान होतं हं

रात्रीचा दीड वाजलाय आणि मी एका ‘हं’चा विचार करत बसलेय.

झालं काहीच नाही. ताजमध्ये चहा झाला, खिडकीजवळचं टेबल मिळालं, आईचा गुडघा दिवसभर गप्प होता. सगळं उरकून जिना उतरताना कठडा धरून ती म्हणाली, “छान होतं हं सगळं. तुला उगीच खर्चात पाडलं.”

खर्चाचं सोडा. तिला मी निम्मीच रक्कम सांगितली होती. पण तो हं! हा हं आई लग्नाच्या हॉलच्या दारात वापरते, पाकीट देऊन झाल्यावर. वास्तुशांतीहून निघताना वापरते, रिक्षा थांबलेली असताना. शेजारून आलेल्या वाटीभर खिरीलाही तो असतो. घरातल्या माणसाला तिनं तो कधी दिल्याचं मला आठवत नाही. घरातल्यांना ती सांगते, मीठ कमी आहे.

तीन महिने ठरवत होते मी. आईच्या पंच्याहत्तरीला दादा म्हणाला हॉल घेऊ, सगळ्यांना बोलावू. तो म्हणतो, आणि मग करतो दुसरंच कुणीतरी. असो. मला वाटलं, दोघीच जाऊ. बत्तीस वर्षं आईनं फोर्टात नोकरी केली, आणि त्या इमारतीत एकदाही पाऊल टाकलं नाही. पावसाळ्यात ऑफिस सुटल्यावर मैत्रिणींबरोबर गेटवेला कणीस खायला जायची. कठड्यावर बसायच्या म्हणे, समुद्राकडे तोंड, हॉटेलकडे पाठ. आज ती सी लाउंजच्या खिडकीतून त्या कठड्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. काय दिसतंय विचारलं तर म्हणाली, “काही नाही, पाठी.”

त्या नोव्हेंबरचं ती काही बोलली नाही. मीही नाही. बाबा त्या रात्री किती वाजता घरी आले ते दोघींना माहीत आहे.

मग चहा. पत्ती किटलीत, दूध वेगळं, साखर वेगळी, गाळणं वेगळं. यादीत आसाम होता, निलगिरी होता, पण तिनं बोट ठेवलं दार्जिलिंगवर. “एलटीसीत राहिलं होतं ना,” एवढंच म्हणाली, ऑफिसच्या प्रवाससवलतीबद्दल. स्कोनवर आधी जॅम लावायचा की आधी क्लॉटेड क्रीम, यावरून इंग्लंडात कॉर्नवॉलवाले आणि डेव्हनवाले भांडतात, हे ज्ञान मी तिला दिलं. कॉर्नवॉलमध्ये जॅम आधी, डेव्हनमध्ये क्रीम आधी. तिनं क्रीम बोटाला लावून पाहिलं आणि म्हणाली, “साय आहे ही.” विषय संपला. नंतर बुफेवरून स्वतःच उठून शेवपुरी घेऊन आली.

गेटवे आधीचं की हॉटेल, असं तिनंच विचारलं. मी ठामपणे म्हणाले, गेटवे. ती म्हणाली, हॉटेल. मोबाइलवर पाहिलं. हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला, गेटवे पुरं झालं १९२४ मध्ये. “इतकी वर्षं त्याच भागात काढली मी,” असं म्हणून तिनं माझ्या ताटलीतलं काकडीचं सँडविच उचललं. तेवढी दोन मिनिटं ती माझी आई होती. मग पुन्हा पाहुणी झाली.

पलीकडच्या टेबलावर बघण्याचा कार्यक्रम चालला होता. तिथं हे नेहमीचंच, त्या जागेची ख्यातीच आहे तशी. पोह्यांच्या जागी पेस्ट्री, बाकी सगळं तेच. दोन्हीकडच्या आया फार हसत होत्या. आई माझ्याकडे न बघता पुटपुटली, “मुलीला पसंत नाहीये. चमचा बघ, नुसता फिरवतेय.” मी चमच्याकडे बघितलं आणि मग आमच्याकडे. आम्ही दोघीही तशाच बसलो होतो, पाठ ताठ, रुमाल मांडीवर, कप उचलताना जरा जास्तच काळजी. कोण कुणाला दाखवायला आलं होतं कोण जाणे.

मला काय हवं होतं नेमकं? तिनं रडावं, असं थोडंच होतं? मला वाटतं, तिनं नावं ठेवायला हवी होती. एवढ्या पैशात महिन्याचा किराणा आला असता, असं तरी. ते म्हणाली असती तर मी भांडले असते आणि शांत झोपले असते. त्याऐवजी तिनं माझे आभार मानले. पोटच्या मुलीचे.

झोप येईना म्हणून वाचत बसले. आपल्याकडची हॉटेलं ज्याला हाय टी म्हणतात, तो मुळात आफ्टरनून टी. १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेसला दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणांच्या मधल्या वेळात भूक लागायची, तिथून ही रीत पडली असं सांगतात. खरा हाय टी म्हणजे कामकऱ्यांचं संध्याकाळचं जेवण. दिवसभर राबून आल्यावर उंच टेबलाशी बसून पोटभर खायचं, मांस, बटाटे, पाव, आणि सोबत कडक चहा.

म्हणजे आईचा हाय टी सव्वासातचा. डोंबिवली फास्टमधून उतरून, भाजी घेऊन, चपला काढता काढता स्टो पेटवायचा, आणि चहात सकाळची पोळी बुडवून ओट्याशी उभ्यानंच खायची. बत्तीस वर्षं. टेबल उंचच होतं तसं. आणि मी तिला डचेसचा चहा पाजायला घेऊन गेले, वर छान म्हणाली म्हणून रुसलेय. पंचेचाळीस वर्षांची बाई मी.

तरी तो हं जात नाहीये कानातून.

सकाळ, आठ वाजता.

सव्वासातला फोन आला. “झोपली होतीस का? बरं ऐक. काल तिथं बोलले नाही, चारचौघांत कशाला. पण त्या वाढणाऱ्या मुलाला किती वेळा थँक्यू म्हणायचं? नऊ वेळा. मोजलं मी. आणि ओढणी जॅममध्ये बुडत होती तुझी, लक्ष कुठे असतं? आणि खांदे पाडून काय बसतेस, त्या समोरच्या मुलीची पाठ बघितलीस का कशी होती?”

मी म्हटलं, आई, सकाळी सकाळी सुरू करू नकोस.

“मी कुठे काय बोलले,” ती म्हणाली आणि पुढची वीस मिनिटं बोलली. केसांवर आली, दादावर आली, मी अजून हळद कुठून आणते यावर आली. मी फोन स्पीकरवर टाकून आधण ठेवलं, दोनदा उलट बोलले, एकदा ती रागावली.

जॅमचा डाग खरंच आहे. लिंबू चोळ आणि उन्हात टाक, असं तिनं सांगितलं होतं. मी आधीच साबण लावून बसलेय. संध्याकाळी विचारेलच.