अमक्याची लेक

रेकॉर्ड रूमच्या दारात उभा राहणारा माणूस आधी नाव सांगतो. आजोबांचं, पणजीचं, आडनावासकट. सांगून झालं की माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडं बघत राहतो, आता यातून बाहेर पडेल म्हणून. मी विचारतो, "कुठं वारले?" तो सातबारा जिथला असतो त्या गावाचं नाव घेतो. "तिथं वारले, का तिथं राहत होते?" इथं बहुतेक जण अडखळतात.

माणूस राहत कुठंही असो, मृत्यूची नोंद जिथं गेला तिथं होते. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात तसंच आहे आणि त्याआधीच्या गावदप्तरातही तसंच होतं. मुंबईच्या इस्पितळात गेलेल्या बापाचा दाखला गावच्या ग्रामपंचायतीत मागत लोक चपला झिजवतात. आणि समोरचा ग्रामसेवकही "आमच्याकडं नाही" एवढंच सांगून मोकळा होतो. मग कुठं असेल, हे सांगायला काही वेगळा पगार लागत नाही. पण असो.

गुरुजी आले ते गेल्या पावसाळ्यात. पांढरा लेंगा, सदरा, टोपी, बगलेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. बरोबर पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक पोरगा, त्यांच्या मामाचा नातू. आईच्या मृत्यूची नोंद पाहिजे होती. वर्ष माहीत नाही. "मी लहान असताना गेली," एवढंच. मामाचं गाव आणि वडिलांचं गाव, दोन्ही आमच्याच तालुक्यातली.

कारण ऐकून मला हसावं का रडावं कळेना. गुरुजींच्या आईच्या वडिलांची जमीन रस्त्यात चालली होती. हे आजोबा वारले १९६१ साली, म्हणजे १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यानंतर. त्या कायद्यात बापाच्या आधी वारलेल्या मुलीचा मुलगाही पहिल्या वर्गाचा वारस. फेरफारात त्या वेळी फक्त मामांची नावं लागली, गुरुजींचं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आता मोबदल्याच्या वेळी कुणीतरी हरकत काढली. गुरुजींना यातला रुपया नको होता, मामाच्या पोरांना हक्कसोड लिहून द्यायला ते एका पायावर तयार. पण हक्क सोडायचा तर आधी तो होता हे दाखवायला हवं, आणि त्यासाठी आई आजोबांच्या आधी वारली याचा कागद हवा. वडिलांच्या गावच्या ग्रामपंचायतीनं त्यांना नमुना दहाचा अनुपलब्धता दाखला, म्हणजे नोंद सापडत नाही असा कागद, दिला होता. एकदा नव्हे, दोनदा. वकिलानं सांगितलं होतं, आता उशिराच्या नोंदीचा आदेश घ्या, दोन साक्षीदार आणा. ऐंशी वर्षांपूर्वीच्या मरणाला साक्षीदार कुठून आणायचे ते वकिलानं सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, "तुम्ही थोरले का?"

"एकुलता एक."

"मग जन्म आजोळचा असणार."

गुरुजी म्हणाले, दाखल्यावर तर वडिलांचं गाव आहे. दाखल्यावर काय, शाळा जिथली ते गाव पडतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे त्या काळी ठरलेलं. बाई बाळंतपणात किंवा त्यानंतर लवकर गेली असेल, तर नोंद माहेरच्या गावाच्या वहीत. सासरचे लोक पिढ्यानपिढ्या सासरच्याच वहीत शोधत बसतात. हे मला कुणी शिकवलेलं नाही, कुठल्या परिपत्रकातही नाही. चौदा वर्षं रुमाल, म्हणजे दप्तरांचे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडून-बांधून कळलेल्या ज्या दोन-चार गोष्टी आहेत त्यांतली ही एक, आणि तिचा मला थोडा गर्वही आहे.

"जन्मतारीख?"

"एक जून एकोणीसशे त्रेचाळीस," गुरुजी म्हणाले आणि स्वतःच हसले. "लिहू नका ती. मी स्वतः दीडेकशे पोरांना एक जून वाटलाय." जूनमध्ये शाळा उघडायची, पोरगं हाताला धरून आणलेलं असायचं, जन्मतारीख बापालाही ठाऊक नसायची. डोक्यावरून हात नेऊन कान धरता आला की सहा वर्षं पुरी. म्हणून तर दरवर्षी ३१ मेला आमच्या कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची रांग लागते. म्हणजे हाताशी वर्षही नव्हतं. एक गाव, आणि एक काल्पनिक तारीख.

आता वहीबद्दल सांगतो, कारण ती डोळ्यांसमोर आणल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाव नमुना चौदा, जन्ममृत्यूची नोंदवही. विदर्भात याच जातीच्या दप्तराला कोतवाल बुक म्हणतात. कोतवाल गावात फिरून बातमी आणायचा, गावकामगार लिहायचा, तालुक्याला उतारा यायचा. लिहिणारा बदलला की लिपी बदलते. एका पानावर बाळबोध, म्हणजे देवनागरी, पुढची वीस पानं मोडी. मोडीत रेघ आधी आखून अक्षरं तिला टांगलेली, शब्दाशब्दांत फट नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पुराभिलेख खात्याच्या मोडीवर्गात आम्हाला शिकवली ती मोडी वळणदार होती. इथं माणूस संध्याकाळी कंदिलापुढं कंटाळून लिहितोय, हे अक्षरावरून कळतं. शाई पलीकडच्या बाजूला उतरलेली, काठाला कसर लागलेली.

आणि त्यात नाव नसतं. लोकांना हे शेवटपर्यंत पटत नाही. कर्त्या पुरुषाचं असतं. बाई असेल तर अमक्याची बायको, अमक्याची आई, अमक्याची लेक. पोर असेल तर नुसतं मूल. मग जात, वय, आणि मृत्यूचं कारण. कारणांचे खण सरकारनं ठरवून दिलेले: पटकी, देवी, ताप, हगवण, इजा, इतर. १९१८ च्या ऑक्टोबरची पानं बघा, इन्फ्लुएंझानं गावंच्या गावं आडवी झाली त्या वेळची. ओळीमागून ओळ "ताप". त्या आजाराला खणच नव्हता.

२०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि पुढं कुणबी नोंदींसाठी ही दप्तरं राज्यभर उघडली गेली. तोवर आमच्या खोलीत कुणी येत नव्हतं. मग एकदम जत्रा. नोंदी सापडल्या हे चांगलंच झालं, पण ज्यांनी घाईनं पानांचे फोटो काढले त्यांनी थुंकी लावून पानं उलटली, मागच्या बाजू सोडल्या, आणि परत बांधताना दोन गावांची पानं एका रुमालात घातली. कॉम्प्युटरवर आता एका गावाच्या नावाखाली दुसरंच गाव उघडतं. वरच्यांना विचारलं तर काम शंभर टक्के पूर्ण आहे. पूर्णच आहे, नुसतं सापडत नाही.

म्हणून गुरुजींच्या आजोळचा रुमाल मी हातानं सोडला. १९४१ पासून जन्माची पानं बघत आलो. आईचं नाव तिथंही नसतं, पण बापाचं असतं, आणि बाप परगावचा असला तर बरेचदा गावही लिहितात. तीन दिवस लागले, इतर कामं सांभाळून. अव्वल कारकून दोनदा येऊन विचारून गेले, एकाच म्हाताऱ्यासाठी किती वेळ. शेवटी १९४४ च्या नोव्हेंबरात सापडलं. १४ तारीख. मुलगा. बापाचं नाव बरोबर, जात बरोबर, पुढं सासरच्या गावाचं नाव.

गुरुजींना बोलावून ती ओळ दाखवली. मोडी त्यांना येत नव्हती, पण मी बोट ठेवलं त्याखाली त्यांनीही बोट ठेवलं आणि शेवटपर्यंत सरकवत नेलं. मग म्हणाले, "म्हणजे मला दीड वर्ष आधी रिटायर केलं की हो!" पोरगा खो-खो हसला. मीही हसलो. शिपायानं चहा आणला. चहा पिता पिता गुरुजी सहज म्हणाले, "आत्या सांगायची, शेळीच्या दुधावर वाढलास म्हणून." मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

मृत्यूची पानं दुपारी उघडली. त्याच महिन्याची २३ तारीख. गुरुजींच्या आजोबांचं नाव, "याची लेक", वय २०, ताप. जन्मानंतर नवव्या दिवशी. मला वाटलं, मिळालं. वही मिटणारही होतो. पण माझी एक सवय आहे, सापडलं तरी सहा महिने पुढं बघायचं. चांगली सवय आहे असं मी मानत आलो होतो.

१९४५, एप्रिलची २ तारीख. तेच नाव, "याची लेक", तीच जात, वय २२, देवी.

त्या नावाची दोन माणसं गावात होती. नाव इथं देत नाही, पण दर तिसऱ्या घरात सापडावं असं आहे, आणि वहीत आडनावाची पद्धत नव्हती. पोरानं आजीला फोन लावला. ती म्हणाली, हो, खालच्या आळीला एक होता त्या नावाचा, त्याच्या लेकीबाळींचं काही माहीत नाही. वयावरून काही ठरत नाही, वहीतली वयं अंदाजाचीच. दोन बायका, दोन ओळी. त्यातली एक गुरुजींची आई, दुसरी कुणाची तरी कोण. खालच्या आळीचं ते घर आता नांदतं नाही, त्यामुळं दुसरीची चौकशी करत कुणी येणार नाही.

दोन्ही तारखा १९६१ च्या आधीच्या. कुठलीही चालली असती. मी म्हणालो, "गुरुजी, दोन्हीची नक्कल घ्या. मंडळ अधिकारी काय ते बघतील."

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. दोन्ही ओळी परत वाचून दाखवा म्हणाले. मी वाचल्या. मग हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत त्यांनी मोजलं, पोरांना पाढे शिकवताना फिरवत असतील तसा. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च.

"साडेचार महिने," ते म्हणाले. "ही द्या. एप्रिलची."

पोरगा म्हणाला, "आबा, दुसरीपण असू दे ना, कुणी विचारलं तर?"

"नको. एकच द्या, भाऊसाहेब."

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. सुरकुत्या होत्या, बाकी गाल गुळगुळीत. देवीच्या बाईच्या कुशीतलं साडेचार महिन्यांचं पोर, एक व्रण नाही. आणि शेळीचं दूध. आत्याचं ते वाक्य तेव्हा परत आठवलं. अर्थात पोराला देवी टोचून झाल्या असतील, आईपासून लांब ठेवलं असेल, दूध आटलं असेल. असं म्हणता येतं. मी काहीच म्हणालो नाही. दंडावरचा टोचल्याचा वण बघायला सदऱ्याची बाही वर करा म्हणणं हे माझं काम नाही, आणि तो तर त्यांच्या पिढीत जवळजवळ प्रत्येकाला असतो.

नक्कल मी स्वतः लिहिली. वर मोडीतली ओळ जशीच्या तशी, खाली बाळबोधात, मग अस्सलबरहुकूम खरी नक्कल म्हणून शेरा. मी दाखला देतो तो ओळीचा. ती ओळ कुणाची, याचा दाखला देत नाही, आणि कुणी मागितलाही नाही. नायब तहसीलदारांची सही झाली, गोल शिक्का बसला. गुरुजींनी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी सदऱ्याच्या आत. पावसात भिजू नये म्हणून.

पुढं फेरफार झाला, हक्कसोडही झालं, पोरगा पेढे घेऊन आला होता. हरकत कुणी काढली नाही. रुमाल बांधताना मी २३ नोव्हेंबरच्या पानात एक कोरी चिठ्ठी घालून ठेवली. सरकारी दप्तरात असलं काही ठेवायचं नसतं. तीनदा ती काढायला रुमाल सोडला आहे, आणि तीनदा तसाच बांधला आहे.