ज्यांना पटलंय तेच बघतात, मग उपयोग काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जातिभेदावरचा माहितीपट संपला, दिवे लागले, की कुणीतरी हे म्हणतंच: “हे बघायला येतं कोण? ज्यांना आधीच पटलंय तेच. मग उपयोग काय?” मी माहितीपटांचं संकलन करते, जमेल तिथे ते दाखवतेही. तेव्हा उत्तर द्यायलाच हवं.

‘आमच्याकडे आता तसलं काही राहिलं नाही’ या बोलण्याच्या आडोशाला जात सुखाने नांदते. एका चित्रीकरणात गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ अगदी मनापासून सांगत होते, की आमचं गाव एकोप्याचं, भेदभाव अजिबात नाही. पुढचा प्रश्न साधा होता: मयत कुठे नेतात? त्यांनी हात केला एका दिशेला, आणि मग जरा थांबून दुसऱ्या दिशेला. पहिल्या जागी पत्र्याची शेड, सिमेंटचा चौथरा, थेट डांबरी रस्ता. दुसरीकडे जायला ओढा ओलांडावा लागतो. पावसाळ्यात चितेवर प्लास्टिकचा कागद धरून माणसं उभी राहतात. हा तुकडा मी जसाच्या तसा ठेवला, त्यांचं ते थांबणंसुद्धा. निवेदनाची एक ओळही घातली नाही. लेखात हेच लिहिलं असतं तर ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणायला जागा राहिली असती.

बहुतेक माहितीपट ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच तोंडासमोर कॅमेरा धरतात. त्याने पुन्हा पुन्हा सगळं सांगायचं, आणि करणारा कुठे दिसतच नाही. मला हे पटत नाही. स्टॅलिन के. यांचा ‘इंडिया अनटच्ड’ (२००७) म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. आठ राज्यांत फिरून केलेल्या या माहितीपटात अस्पृश्यता पाळणारेच बोलतात, तेही न संकोचता. त्यात हिंदूंबरोबर मुस्लिम, ख्रिस्ती आणि शीख समाजांतली जातही दिसते, त्यामुळे ‘हे आमच्यात नाही’ म्हणायची सोय कुणालाच उरत नाही.

दुसरी गोष्ट चिकाटीची. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते. त्या धक्क्याने काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. बातम्या पुढे सरकल्या, माहितीपटकार आनंद पटवर्धन मात्र चौदा वर्षं या विषयाला धरून राहिले आणि २०११ मध्ये त्यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ आला. खटला रेंगाळतो तेव्हा लोक विसरतील यावरच सगळी भिस्त असते. तिथे इतकी वर्षं कॅमेरा घेऊन परत परत जाणं हेच मोठं काम आहे.

याची किंमतही मोजावी लागते. कायद्याने बंदी असूनही हाताने मैला साफ करायला लावतात, हे तमिळनाडूत फिरून माहितीपटकार दिव्या भारती यांनी ‘कक्कूस’मध्ये (२०१७) दाखवलं. त्यांना धमक्या आल्या, त्यांच्यावर गुन्हेही दाखल झाले. आणि दिग्दर्शकाला निदान गाव सोडून निघता तरी येतं. बोलणारी बाई तिथेच राहते, त्याच दुकानात उधारीवर तेल-मीठ घेते. तिने नंतर ‘माझं काढून टाका’ म्हटलं तर काढायचं. कितीही चांगलं चित्रित झालेलं असो, त्यावर वाद घालायचा नाही.

आता तुमच्या ‘आधीच पटलंय’कडे येते. काय पटलंय? जात वाईट आहे, एवढंच. घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा का, भाडेकरूचं आडनाव आधी का विचारलं, हे विचारलं की त्याच सभागृहात चुळबुळ सुरू होते. म्हणजे आपल्याला पटलंय असं समजणाऱ्यांना हे दाखवायची गरज संपलेली नाही. आणि ज्यांच्याबद्दल हे सगळं आहे ते बघतात, त्याचं काय? वस्तीत माहितीपट दाखवला की नंतर लोक उठून आपल्या गावचं सांगायला लागतात, पोरं मोबाईल काढून रेकॉर्ड करतात. त्यांना पटवायचं कुणाला आहे? त्यांना पुरावा ठेवायचा असतो.

बाकी, प्रेक्षक तेच ते येतात ही तुमची तक्रार खरी आहे. त्यावर उपाय आमंत्रणाच्या वाटेनेच निघेल. मला बी.एड.च्या वर्गात बोलवा, पोलीस प्रशिक्षण केंद्रात बोलवा, तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बोलवा. प्रोजेक्टर आणि पडदा मी घेऊन येते.