वजनाच्या चिठ्ठीवरचा ९

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात मी कॉम्प्युटरला आहे. म्हणजे सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी काढायची, हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा करून हातात किती पडतात ते सांगायचं, आणि सीझनला फेब्रुवारीपासून मेपर्यंत मान वर करायला पण वेळ मिळत नाही. काट्यावर मापाडी वजन ओरडून सांगतो, आमचे दिवाणजी काका ते चिठ्ठीवर लिहितात आणि चिठ्ठी माझ्याकडे येते. काका या दुकानात माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत. दुकानात ख्रिस्ती मी एकटीच, पण त्याचा कधी कुणाला त्रास नाही आणि मलाही नाही, नाताळला करंज्यांचा डबा मी नेला की संध्याकाळपर्यंत रिकामा होतो.

मार्चमधली गोष्ट. वाळवा तालुक्यातले एक शेतकरी पट्टी घेऊन परत आले, एका पोत्याचं वजन चुकलंय म्हणाले. चिठ्ठी काढून बघितली तर काकांनी ४९ लिहिलेलं आणि मी ४१ टाकलेलं. घाईत हाताने लिहिलेले मराठी १ आणि ९ ज्याने वाचलेत त्याला कळेल मी काय म्हणतेय ते, वर गाठ आणि खाली ओढलेली शेपटी, दोन्ही सारखंच दिसतं. ८ किलोचा फरक, त्या दिवशी भाव क्विंटलला १४,००० म्हणजे ११२० रुपये. पैसे लगेच दिले, तो विषय तिथं मिटला. पण काका शेटजींना त्या शेतकऱ्यासमोरच म्हणाले, "पोरीचं ध्यान नसतंय, हातात मोबाईल असतोय सारखा."

मोबाईल माझ्या पर्समध्ये होता. सकाळपासून बाहेर काढलाच नव्हता. मला इतकं लागलं ते की डोळ्यात पाणी आलं आणि ते दिसू नये म्हणून मी प्रिंटरमध्ये कागद भरत बसले.

मग मी काय केलं तर काकांना काहीच बोलले नाही. चहाच्या गाड्यावर शेजारच्या दुकानातल्या मैत्रिणीला सांगितलं, तिच्याबरोबरच्या मुलीला सांगितलं, आमच्या एका हमाल भावांना सांगितलं, पानटपरीवाल्या दादांना सांगितलं आणि आमच्या गाडीच्या ड्रायव्हरला पण सांगितलं. पाच जण. आणि प्रत्येक वेळी गोष्ट थोडी वाढली, काकांना आता दिसत नाही, काकांना कॉम्प्युटरचा राग आहे, काका म्हातारे झालेत, असं मी माझ्याच तोंडाने बोलले. काकांशी मात्र हो-नाही एवढंच. नऊ दिवस. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात ४:२६ ला लिहिलंय की सूर्य मावळायच्या आत राग सोडा, ते वचन मला संडे स्कूलपासून पाठ आहे आणि माझे नऊ सूर्य मावळले.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मिरजेत आमच्या चर्चला प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरसाचा पेला सगळे घेतात तो विधी. पेला माझ्यापर्यंत आला आणि मला मत्तय ५:२३-२४ आठवलं, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी पेला पुढे दिला, प्यायले नाही. शेजारी आई होती, तिने बघितलं पण विचारलं नाही.

घरी येऊन आजीचं बायबल काढलं. आजी मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात नर्स होती, १८९४ ला सुरू झालेलं ते मिशन हॉस्पिटल, आणि तिने पेन्सिलने खुणा करून ठेवलेल्या असायच्या. लेवीय १९ वा अध्याय. तो मी याआधी नीट वाचलाच नव्हता हे त्या दिवशी कळलं. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हे आपण सगळे येशूच्या तोंडून ऐकतो, पण ते मूळ इथलं, १८ व्या ओवीतलं. त्याच्या आधीच्या ओवीत काय आहे? मनात भावाचा द्वेष ठेवू नको, त्याला समोर बोल. आणि त्याच्याही आधी, १६ व्या ओवीत, चहाड्या करत फिरू नको. तिन्ही लागोपाठ! म्हणजे प्रेम करायचं तर आधी पाठीमागचं बोलणं बंद आणि समोरचं बोलणं सुरू, हाच क्रम आहे. अजून खाली ३५-३६ ला तराजू आणि वजनं खरी ठेवा, आणि वर १३ ला मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नको. यार्डात रोज बघते ते सगळं एका अध्यायात. काटा खरा ठेवायची काळजी आमचं दुकान घेतं, पण काकांचं वजन मी पाच जणांजवळ कमी करून दिलं होतं.

सोमवारी शेटजी जेवायला घरी गेले तेव्हा मी चिठ्ठी घेऊन काकांकडे गेले. मत्तय १८:१५ मध्ये आहे ना, तू आणि तो एकटेच असताना त्याला चूक दाखव. ते वचन हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीनंतर लगेच येतं आणि त्याच्यापुढे पेत्राचा सात वेळा क्षमा करू का हा प्रश्न आणि येशूचं सातांच्या सत्तर वेळा हे उत्तर, म्हणजे भाऊ परत मिळवायला जायचं असतं, जिंकायला नाही. मी हे सगळं मनात घोकत गेले आणि म्हणाले, "काका, त्या दिवशी माझ्या हातात मोबाईल नव्हता. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ते मला लई लागलं."

काकांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "मी म्हणालो ते शेटजींसमोर म्हणालो, तुला ऐकू येईल असं. तू आख्ख्या यार्डात सांगत फिरलीस न्हवं? चहावाला मला इचारतोय, काका डोळं तपासलं का म्हणून."

मी त्यांची चूक दाखवायला गेले होते. मला काही बोलताच येईना, मी खरंच माफी मागितली, वरवरची नाही. ते हूं म्हणाले आणि ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली. त्यांनी माफी मागितली नाही, आजपर्यंत नाही, आणि मी ती धरून बसलेली नाही. दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर ९ इंग्रजीत लिहून आला. आता मोठ्या लॉटला ते वाचतात आणि मी टाकते, दोन मिनिटं जास्त जातात.

पण एक सांगते, कारण चर्चमधल्या मुली विचारतात. सगळंच एकांतात मिटवायचं नसतं. कुणी अंगचटीला येत असेल, पैशात घोळ करत असेल, तर गप्प राहून क्षमा केली असं म्हणू नका. त्याच मत्तय १८ मध्ये पुढे एक-दोन साक्षीदार घ्या आणि मग मंडळीला म्हणजे चर्चला सांगा असंही आहे. कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ झाला तर त्यासाठी २०१३ चा कायदा आहे, त्याने जिथं १० किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती पाहिजेच, आणि आमच्यासारख्या लहान दुकानातल्या बाईला किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तिकडे जाणं ही चहाडी नाही.

त्या पाच जणांकडे मी परत जातेय. काकांविषयी मी बोलले ते खरं नव्हतं, अक्षर वाचायला मी चुकले, असं सांगतेय. मैत्रीण, तिच्याबरोबरची मुलगी आणि हमाल भाऊ झाले. पानटपरीवाले दादा नुसते हसले, त्यांना परत एकदा नीट सांगावं लागेल. ड्रायव्हर गावाकडं गेलाय, गुरुवारी येतोय.