आयलाची धुरकट व्हिस्की: बेटावर काय मिळते, काय मिळत नाही

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडचे आयला हे बेट जेमतेम सव्वातीन हजार वस्तीचे आहे. तरीही धुरकट सिंगल माल्टचा, म्हणजे एकाच कारखान्यात निव्वळ अंकुरलेल्या बार्लीपासून गाळलेल्या व्हिस्कीचा, विषय निघाला की पहिले नाव त्याचेच घेतले जाते. मे महिन्याच्या आरंभी आम्ही उभयता तिथे गेलो, तेव्हा मनात दोन गोष्टी होत्या. मुंबईतल्या दुकानांत ज्या बाटल्या दिसत नाहीत, किंवा दिसल्या तरी किंमत वाचून परत ठेवाव्या लागतात, त्या उगमाशी तरी मिळतात का, हे पाहायचे होते. आणि हा धूर व्हिस्कीत उतरतो कसा, हेही डोळ्यांनी पाहायचे होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच सांगून टाकतो: दुर्मिळ बाटल्या आयलावरही दुर्मिळच आहेत. मात्र ज्या धुरासाठी लोक त्यांच्यामागे धावतात, तो तिथल्या साध्या, तुलनेने स्वस्त आणि कमी वयाच्या व्हिस्कीतच अधिक ठसठशीत असतो.

ग्लासगोहून विमानाने पाऊण तासात आयला गाठता येते, पण विमान लहान आणि जागा मोजक्या असल्याने बरेच लोक बसने केनाक्रेगच्या धक्क्यावर जातात आणि तिथून फेरीबोट धरतात. बसला साडेतीन तासांच्या आसपास लागतात, बोटीला दोन-सव्वादोन तास. बेटावर पोर्ट एलन आणि पोर्ट अस्केग अशी दोन बंदरे असून ती बेटाच्या निरनिराळ्या टोकांना आहेत. तिकीट काढताना बंदराचे नाव नीट पाहावे आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासावे, कारण वारा चढला की फेऱ्या बदलतात किंवा रद्दही होतात. परतीच्या बोटीच्याच दिवशी भारताचे विमान धरण्याचे धाडस कोणीही करू नये. मध्ये ग्लासगोचा एक मुक्काम ठेवावाच.

मुक्कामासाठी आम्ही पोर्ट एलन निवडले आणि ती निवड योग्य ठरली. गावापासून समुद्राच्या कडेने एक पायवाट लफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग या तिन्ही डिस्टिलऱ्यांना (व्हिस्की गाळण्याच्या कारखान्यांना) जोडत जाते. एकूण अंतर साडेपाच किलोमीटरांच्या आसपास आहे आणि वाट सपाट आहे. पायी हिंडण्यात फायदाही मोठा आहे, कारण स्कॉटलंडमध्ये मद्यपान करून वाहन चालवण्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे: १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. गाडी घेऊन जाणाऱ्यांनी निराश होऊ नये. चालकाच्या वाट्याचे नमुने छोट्या बाटल्यांत भरून देण्याची पद्धत तिथे रूढ आहे. आधी मागितले पाहिजे, इतकेच. बेटावर बस आहे, पण फेऱ्या थोड्या आहेत आणि रविवारी तिचा भरवसा धरू नये.

पोर्ट एलनहून बोमोर गावाकडे जाणारा लांबलचक सरळ रस्ता दलदलीच्या रानातून जातो, आणि गाडी त्यावरून हिंदकळत चालते, कारण रस्त्याखाली खडक नसून पीट आहे. शेवाळ, गवत आणि झुडपे पाण्यात अर्धवट कुजून हजारो वर्षांत जो थर साचतो तो हा. वर्षाला साधारण एक मिलिमीटर, एवढी त्याची वाढ. वसंतात तो कापतात, उन्हाळाभर वाऱ्यावर वाळवतात आणि मग जाळतात. कडेला रचलेल्या ढिगातला एक तुकडा मी हातात घेतला. तो आकाराच्या मानाने अगदी हलका होता, मोडताच आतून बारीक मुळांचे तंतू दिसले आणि बोटांना काळपट भुकटी लागली. त्याला धुराचा वास मात्र अजिबात नव्हता. तो जळल्यावरच येतो.

आयलावर झाडे फारशी नव्हती आणि कोळसा बाहेरून आणावा लागे, म्हणून अंकुरलेली बार्ली वाळवायला पीट वापरले गेले. आज त्याची गरज उरलेली नाही. केवळ चवीसाठी ते जाळले जाते. बेटावरच्या काही डिस्टिलऱ्यांचे माल्ट, म्हणजे अशी अंकुरवून वाळवलेली बार्ली, पोर्ट एलनमध्ये १९७३ पासून चालू असलेल्या मोठ्या कारखान्यात तयार होते. बोमोर, लफ्रॉइग आणि किल्होमन इथे मात्र काही हिस्सा अजून जमिनीवर बार्ली पसरून, वरचेवर उलथून तयार होतो. ज्यांना एकच डिस्टिलरी आतून पाहायची असेल त्यांनी या तिघांपैकी एक निवडावी. लफ्रॉइगच्या भट्टीचे दार उघडले तेव्हा खाली ज्वाळा जवळजवळ नव्हत्याच, नुसता दाट, संथ धूर होता. धूर ओलसर दाण्याच्या सालीलाच चिकटतो आणि दाणा कोरडा झाला की पुढे काही धरत नाही, म्हणून आच मुद्दाम मंद ठेवतात. पावसाळ्यात कोकणातल्या घरी ओल्या फाट्यांवर पेटवलेल्या चुलीपुढे जो बसला आहे, त्याला त्या दारापाशी काही नवे वाटणार नाही.

या धुरातील फिनॉल वर्गातील द्रव्ये दशलक्षात किती भाग, अशी मोजतात. आर्डबेगच्या माल्टमध्ये ती सुमारे ५५, लफ्रॉइगमध्ये ४० ते ४५, बोमोरमध्ये २५ च्या आसपास असतात. ब्रुक्लाडी डिस्टिलरीच्या ऑक्टोमोर या मालिकेतील एका आवृत्तीत तो आकडा ३०९ पर्यंत गेला होता. हौशी मंडळी हे आकडे पाठ म्हणतात, पण त्यांवरून चव ठरवणे फसवे आहे. आकडा माल्टचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे, आणि वाटेत त्यातील बराच भाग गळून जातो. लागावूलिन आणि कल् ईला या दोन्ही डिस्टिलऱ्यांना जवळजवळ सारख्याच मोजमापाचे माल्ट जाते. तरी लागावूलिन जड, गोडसर आणि रेंगाळणारी लागते, तर कल् ईला हलकी, लिंबाच्या सालीची आठवण देणारी. फरक पडतो तो तांब्याच्या भांड्यांच्या आकाराने, ती किती भरतात याने, आणि वाफेतून उतरणाऱ्या धारेतला कोणता भाग ठेवायचा या निर्णयाने. धुराची जड द्रव्ये धारेत उशिरा येतात. जो उशिरापर्यंत धार घेतो, त्याच्या व्हिस्कीत आयोडीन आणि डांबरासारखी चव अधिक उतरते. लफ्रॉइगला पहिल्यांदाच तोंड लावणाऱ्यांना दवाखान्याचा भास होतो तो यामुळेच, आणि माझ्या पत्नीचे मत अजूनही तेच आहे.

आता दुर्मिळतेविषयी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉच गरजेपेक्षा फार जास्त साठली होती. आर्डबेग १९८१ मध्ये बंद पडली, आणि पोर्ट एलन गावातली त्याच नावाची डिस्टिलरी १९८३ मध्ये. आर्डबेग १९८९ पासून अधूनमधून चालली, आणि १९९७ मध्ये ग्लेनमोरंजी या व्हिस्की कंपनीने ती विकत घेतल्यावरच तिची घडी बसली. जी व्हिस्की त्या वर्षांत गाळलीच गेली नाही, ती आज चाळीस वर्षांची होऊन मिळणार कुठून? शिवाय व्हिस्की लाकडी पिंपात मुरत असताना त्यातून दरवर्षी सुमारे दोन टक्के उडून जाते. पोर्ट एलनच्या उरलेल्या पिंपांतून २००१ पासून दरवर्षी थोड्या बाटल्या निघू लागल्या आणि २०१७ पर्यंत त्यांच्या किमती काही हजार पौंडांवर पोहोचल्या. ती डिस्टिलरी मार्च २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे, पण तिची नवी व्हिस्की जुनीची जागा भरून काढायला आपल्यापैकी पुष्कळांचे आयुष्य पुरणार नाही.

ही टंचाई खरी आहे. दुसरी टंचाई मुद्दाम घडवलेली असते. मेअखेरीस तिथे ‘फेश ईले’ हा महोत्सव भरतो, प्रत्येक डिस्टिलरी खास बाटली काढते, पहाटेपासून रांगा लागतात आणि त्यातल्या कित्येक बाटल्या लगोलग लिलावात जाऊन बसतात. संगीत आणि गर्दी आवडत असेल तर महोत्सवाला जरूर जावे, मात्र राहण्याची जागा वर्षभर आधी धरावी. चव घ्यायला जाणाऱ्याने एप्रिल, मेचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर निवडावा.

वयाचा मोह आवरणे अधिक अवघड. पिंपात वर्षे जातात तसा धूर निवळत जातो आणि लाकूड, सुकी फळे, मेण यांची चव पुढे येते. एका बारमध्ये पंचवीस वर्षांहून जुन्या व्हिस्कीचा अगदी छोटा घोट मी पुष्कळ पैसे मोजून घेतला. तो सुंदर होता, पण धूर त्यात शोधावा लागला. त्याच संध्याकाळी घेतलेली किल्होमनची कमी वयाची व्हिस्की पाण्याचे चार थेंब पडताच दरवळली. जुन्या बाटलीला कमी लेखण्याचे कारण नाही. पण पीटसाठी जाणाऱ्याने पैसे आठ ते सोळा वर्षांच्या व्हिस्कीत आणि जास्त अल्कोहोल राखून भरलेल्या बाटल्यांत घालावेत.

चाखताना क्रम पाळावा. जवळजवळ बिनधुराची बुनाहाव्हन किंवा साधी ब्रुक्लाडी आधी, बोमोर आणि कल् ईला मधे, दक्षिण किनाऱ्यावरच्या लफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग या तिघी शेवटी. उलट गेल्यास पहिल्या दोघींची चव लागतच नाही. दिवसाला दोनपेक्षा जास्त डिस्टिलऱ्या ठरवू नयेत, कारण तिसऱ्या ठिकाणी जीभ दमलेली असते. गोदामात पिंपातून थेट चाखवण्याचे कार्यक्रम साध्या फेरफटक्यापेक्षा महाग असले तरी पैसे वसूल होतात. जागा थोड्या असल्याने नोंदणी आधीच करावी. शाकाहारी मंडळींनी बोटीवर चढण्यापूर्वी थोडा शिधा घ्यावा, कारण बेटावर मासे आणि कालवे उत्तम असली तरी शाकाहाराची निवड तोकडी आहे.

परत येताना दरडोई दोन लिटर मद्य भारतात करमुक्त आणता येते. बाटल्या चेक-इनच्या सामानात कपड्यांत गुंडाळून ठेवाव्यात. ७० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले काहीही विमानात चालत नाही. आयात शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि पुढे दहा वर्षांत ४० पर्यंत आणण्याचे जुलै २०२५ मध्ये झालेल्या भारत-ब्रिटन करारात ठरले आहे. तेव्हा लफ्रॉइग १० किंवा लागावूलिन १६ (आकडे वयाचे) यांसारख्या इथे मिळणाऱ्या बाटल्यांवर ती दोन लिटर खर्च करू नयेत. डिस्टिलरीतच विकली जाणारी बाटली घ्यावी, आणि तीही आधी चाखून. ज्यांना इतका खटाटोप नको, त्यांनी गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणारी पॉल जॉन बोल्ड घेऊन पाहावी. तिच्यासाठी आयलाचेच पीट आणतात, आणि गोव्याच्या उकाड्यात पिंपातली व्हिस्की लवकर तयार होत असल्याने धूर निवळायच्या आतच ती बाटलीत येते.