पोपटाला मिरची तिखट का लागत नाही

कोथरूडला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एका काकूंनी कुंड्यांमध्ये लवंगी मिरची लावलीय आणि ती लाल झाली रे झाली की पोपटांची गँग हजर. पोपट म्हटलं की पेरू आणि मिरची हे आपल्या डोक्यात लहानपणापासून इतकं फिट्ट असतं की यात काही विचित्र आहे असं कुणाला वाटतच नाही. पण बघा ना, ज्या मिरचीचा एक तुकडा चुकून दाताखाली आला की आपल्याला ठसका लागतो, नाकाडोळ्यातून पाणी येतं, ती हे लोक बियांसकट एवढ्या निवांत कशी काय खातात?

तर त्यांना ती तिखट लागतच नाही. सहन वगैरे करत नाहीत, लागतच नाही. मुळात तिखट ही गोड-आंबट-कडूसारखी चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सायसिन नावाचं रसायन जाऊन बसतं ते चटका कळवणाऱ्या सेन्सरवर, टीआरपीव्ही१ असं त्याचं रुक्ष नाव आहे, आणि त्याचं रोजचं काम म्हणजे तापमान साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की मेंदूला कळवायचं, पळ, भाजतंय. कॅप्सायसिन येऊन बसलं की तो कमी तापमानालाच बोंब मारायला लागतो. म्हणून मिसळीचा कट कोमट असला तरी तोंडात आग, आणि शरीर बिचारं खरंच उकडतंय समजून घाम काढत बसतं. त्यावर पाणी पिऊन काही उपयोग नाही कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, सरळ ताक मागवा, दुधातलं केसिन हे प्रथिन त्याला धरून ओढून नेतं. हा सेन्सर १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या लॅबने शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा मोठा वाटा आहे. पक्ष्यांकडेही तो आहेच, गरम लागलं तर त्यांनाही चटका बसतो, फक्त कॅप्सायसिन जिथे बसतं तिथली घडण जरा वेगळी असल्यामुळे त्याला काही फरकच पडत नाही.

आता मिरचीला यात काय मिळालं? (झाडाने काही ठरवून केलेलं नाही, ज्या झाडांच्या फळात हे रसायन होतं त्यांच्या बिया जास्त रुजल्या एवढंच, पण उत्क्रांतीबद्दल बोलताना 'झाडाने केलं' असं म्हणायची सवय काही जात नाही.) उंदरांना दाढा असतात, ते बी चावून खातात, खेळ खल्लास. बुलबुलासारखा पक्षी फळ अख्खं गिळतो, बी पोटातून सहीसलामत बाहेर पडतं, आणि तेही लांब कुठेतरी दुसऱ्या झाडाखाली. २००१ मध्ये अमेरिकेतल्या जंगली मिरचीवर याचा अभ्यास झाला, उंदीर तिखट मिरचीला तोंडच लावेनात म्हणून त्यांना खास बिनतिखट मिरच्या द्याव्या लागल्या, आणि त्यांच्या पोटातून गेलेलं एकही बी रुजलं नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतलं मस्त रुजलं. या हिशेबाने पोपट म्हणजे पार्सल फोडून खाणारा कुरिअरवाला, कारण तो चोचीने बियाही फोडतो. मिरचीच्या कामाचा बुलबुलच, पण बडबडगीतात नाव कुणाचं, तर पोपटाचं!

आणि मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट अशी की मिरची मूळची अमेरिकेतली, आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, म्हणजे आपल्या पोपटांची आणि मिरचीची ओळख जेमतेम पाचशे वर्षांची. पोपट मिरची खायला 'तयार' झालेला नाहीये, त्याची जीभ आधीपासून तशीच होती, फळ नंतर बोटीत बसून आलं.

बोलिव्हियातल्या जंगली मिरचीत अजून एक भानगड सापडली, किडे फळाला भोक पाडतात, तिथून बुरशी शिरते आणि बिया मरतात, आणि कॅप्सायसिन त्या बुरशीलाही रोखतं. असो.

हाच चटक्याचा सेन्सर दक्षिण अमेरिकेतल्या रक्तपिपासू वटवाघळाच्या नाकात वेगळ्याच कामाला लागलाय. तिथे त्याची एक आखूड आवृत्ती असते जी साधारण ३० अंशांनाच जागी होते, त्यामुळे झोपलेल्या गाईच्या कातडीखाली गरम रक्त कुठून वाहतंय ते त्याला जवळ गेल्यावर कळतं. (आपल्याकडच्या झाडांवर उलटी लटकलेली मोठी वटवाघळं फळं खातात, उगाच घाबरू नका.) आणि आपला सह्याद्रीतला चापडा साप, पावसाळ्यात आंबोलीला वगैरे गेलात तर दिसेल, त्याच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मधे एक खळगा असतो, त्यातून त्याला अंधारात उंदराच्या अंगाची उष्णता जाणवते. त्यातला सेन्सर कोणता, तर लोणच्यासाठी मोहरी फेसताना आपल्या नाकात ज्याने झिणझिण्या येतात तोच, टीआरपीए१. आपल्याकडे मोहरी आणि कच्चा लसूण, त्याच्याकडे शिकार. नवीन सेन्सर पहिल्यापासून बनवायचा त्रास उत्क्रांती सहसा घेत नाही, जे हाताशी आहे त्यालाच थोडं वाकवून घेते.

आणि ज्याची गरजच नाही ते बिघडलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. मांजराला गोड चव कळत नाही, २००५ मध्ये त्याचं कारण सापडलं, गोडाच्या सेन्सरचा अर्धा भाग बनवणारं जनुकच तुटलेलं आहे. वाघ, चित्ता, सगळ्यांचं तेच. मांस खाणाऱ्याला साखर कळून करायचंय काय? माझ्या आत्याला हे अजिबात मान्य नाही, तिचं मांजर श्रीखंडाची वाटी चाटून साफ करतं, पण ते चक्क्यातल्या स्निग्धांशासाठी हे तिला कोण सांगणार.

पक्ष्यांकडेही तेच जनुक नाही, त्यामुळे कोंबडीलाही गोड कळत नाही. मग फुलातला मध पिणाऱ्यांचं काय? २०१४ मध्ये अमेरिकेतल्या हमिंगबर्डचं कोडं सुटलं. मांसाची, रश्श्याची जी दाट चव असते ना, उमामी, ती कळवणारा सेन्सर त्यांच्यात बदलत बदलत साखरेला प्रतिसाद द्यायला लागलाय. २०२१ मध्ये कळलं की गाणाऱ्या पक्ष्यांच्या पूर्वजांमध्येही हे स्वतंत्रपणे घडलं होतं, तेही त्याच सेन्सरमध्ये पण वेगळ्या जागी बदल होऊन, आणि आपला जास्वंदीवर लटकणारा शिंजीर त्याच खानदानातला. हमिंगबर्डांना अॅस्पार्टेम (साखरेऐवजी वापरतात ते कृत्रिम गोड) घातलेलं पाणी देऊन बघितलं तर त्यांना त्यात काही गोड सापडेना, साधं पाणी समजून सोडून दिलं. म्हणजे शुगर-फ्रीचा चहा फक्त आपल्यालाच फसवू शकतो.